बैठकीत दहा मिनिटं ऐकलेल्या हेडफोनवर किती विश्वास ठेवायचा?

तुमचा प्रश्न मला असा कळला. सात-आठ हौशी मंडळी जमली होती, टेबलावर चार मोठे हेडफोन होते आणि प्रत्येकाला प्रत्येक हेडफोन दहा-पंधरा मिनिटं मिळाला. सेनहायझर एचडी ८००एस ऐकून तुम्ही थक्क झालात. फोकल युटोपिया सगळ्यांत जिवंत वाटला. ऑडेझीचा एलसीडी-४ गोड वाटला, पण मान अवघडली. आणि ज्याचं कौतुक सगळ्यांत जास्त ऐकलं होतं तो हायफायमॅनचा ससव्हारा मात्र निर्जीव, सपाट वाटला. हेडफोनला ताकद पुरवणारा अँप (अँप्लिफायर) एकच होता, छोटासा; दर वेळी आवाजाचा नॉब अंदाजानं फिरवला जात होता. घरी येऊन स्वतःचा सेनहायझर एचडी ६५० लावला, तर तोही छानच वाटला. आता तुम्ही विचारताय की यांतला खरा चांगला कोणता, आणि ससव्हारा आवडला नाही म्हणजे तुमचे कान कमी पडतात का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, कान कमी पडत नाहीत. तुम्ही जे ऐकलंत ते खरंच तसं ऐकू येत होतं. फक्त त्यातलं किती हेडफोनचं होतं आणि किती त्या टेबलावरच्या मांडणीचं, हे वेगळं काढायचं राहिलं. तुमचा खरा प्रश्न मला तोच वाटतो.

मी मिक्सिंगचं काम करतो आणि गेली बरीच वर्षं अशा छोट्या बैठकी भरवतो. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे: बैठकीत हेडफोन निवडता येत नाही, पण नाकारता येतो. डोक्याला टोचणारा, कानात किंचाळणारा, अर्ध्या तासात नकोसा होणारा हेडफोन तिथे ओळखता येतो. उरलेल्यांपैकी कोणाला घरी नेऊन पुन्हा ऐकायचं, तेही ठरवता येतं. त्यापलीकडचा निकाल बैठकीकडून मागितला की फसगत होते.

आता ससव्हाराकडे वळू, कारण तुमच्या गोंधळाचं मूळ बहुधा तिथेच आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार ससव्हाराची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक ताकदीला तो किती मोठा वाजतो ते, १ मिलिवॅटला ८३ डेसिबल आहे आणि इंपिडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ६० ओहम. युटोपियाची संवेदनशीलता १ मिलिवॅटला १०४ डेसिबल, इंपिडन्स ८० ओहम. दोघांना अँपकडून तेवढाच १ व्होल्ट दिला, तर युटोपिया साधारण ११५ डेसिबल देईल आणि ससव्हारा ९५. एचडी ६५० आणि ८००एस या दोघांच्या मध्ये, १०२-१०३ च्या आसपास येतात. म्हणजे नॉब जिथल्या तिथे ठेवून युटोपिया काढला आणि ससव्हारा लावला, तर आवाज २० डेसिबलनं खाली जातो. साधारण १० डेसिबलचा फरक कानाला दुप्पट-निमपट वाटतो, त्या हिशोबानं हा चौपट फरक झाला. एवढा फरक भरून काढायला नॉब खूप पुढे न्यावा लागतो, आणि मी पाहिलंय की नॉब अर्ध्यापलीकडे गेला की माणसाचा हात आपोआप थांबतो. दुसऱ्याचं महागडं यंत्र असेल तर जास्तच. त्यामुळे ससव्हारा तुम्ही हळू आवाजात ऐकला असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते.

हळू ऐकला तर काय बिघडलं? बिघडतं, कारण आपला कान सगळ्या पातळ्यांवर सारखा ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. पातळी उतरत गेली की खालचे सूर मधल्या सुरांपेक्षा जास्त वेगानं हरवतात, आणि काही प्रमाणात अगदी वरचेही. म्हणून तेच गाणं हळू लावलं की पोकळ, अंग नसलेलं वाटतं. 'निर्जीव' हा तुम्ही वापरलेला शब्द या परिणामाला अगदी चपखल बसतो. उलट दोन हेडफोनांच्या पातळीत अवघ्या १ डेसिबलचा फरक असला, तर ऐकणाऱ्याला 'हा मोठा आहे' असं सहसा वाटत नाही. त्याला वाटतं, हा स्पष्ट आहे, मोकळा आहे, यात जीव आहे.

दुसरी शक्यता ताकदीची. गाणं सरासरी ७५ डेसिबलला ऐकलं तरी तबल्याच्या थापेचे किंवा ड्रमचे क्षणिक उंचवटे चांगल्या मुद्रणात १०० च्या वर जाऊ शकतात. १०५ डेसिबलचा उंचवटा द्यायला युटोपियाला सव्वा मिलिवॅट पुरतो. ससव्हाराला जवळपास १६० मिलिवॅट लागतात. छोटा अँप तेवढं देईलही, पण कोणत्या इंपिडन्सला तो किती ताकद देतो, तो आकडा बघायला हवा. ३०० ओहमला भरपूर व्होल्टेज देणारा अँप ६० ओहमला लागणारा करंट देताना दमू शकतो. बैठकीतल्या अँपचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे इथे ठाम काही सांगत नाही. एवढंच म्हणतो की ससव्हारा अजून तुम्ही ऐकलेलाच नाही असं धरून चाला.

पातळीच्या बाबतीत मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे, ती सांगतो. एका बैठकीत एकाच हेडफोनच्या दोन केबल आणल्या होत्या, एक साधी ६.३५ मिमी जॅकची आणि दुसरी बॅलन्स्ड, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी, चार पिनांच्या एक्सएलआर जॅकची. एकाच अँपच्या दोन आउटपुटांवर आम्ही आळीपाळीनं ऐकलं. सगळ्यांनी एकमुखानं बॅलन्स्डला कौल दिला: मंच रुंद झाला, बास आवळला, वाद्यं सुटी झाली. मीही मान डोलावली. आठवड्यानंतर त्याच अँपवर व्होल्टमीटर लावला तेव्हा दिसलं की बॅलन्स्ड आउटपुट बरोबर दुप्पट व्होल्टेज देतंय, म्हणजे ६ डेसिबल जास्त. पातळी जुळवून पुन्हा ऐकलं, तर मला दोन्हींत फरक सांगता आला नाही. त्या दिवशी आलेल्या एका मित्रानं केवळ त्या अनुभवावर नवा अँप घेतला होता. त्यानंतर पातळी न जुळवता मी कोणाला तुलना करू दिलेली नाही.

पातळी जुळवायची कशी, हा भाग थोडा किचकट आहे. दोन अँपांची तुलना असेल तर व्होल्टमीटर पुरतो. हेडफोनांत तो पुरत नाही, कारण सारख्या व्होल्टेजला प्रत्येक हेडफोन वेगळा वाजतो. कानाशी काय पोहोचतं ते मोजायला हवं. मी एका जाड, सपाट पुठ्ठ्याला मधोमध छोट्या माइकच्या मापाचं भोक पाडतो, माइक त्यात घट्ट बसवतो आणि हेडफोनची एक बाजू त्यावर ठेवतो, पॅड सगळीकडून टेकलेला राहील असा. मग पिंक नॉइज, म्हणजे खालपासून वरपर्यंतचे सगळे सूर एकत्र असलेला खळखळाट, वाजवतो, पण सगळा नाही, ५०० ते २००० हर्ट्झ एवढाच पट्टा. पूर्ण पट्टा घेतला तर ज्या हेडफोनचा बास जास्त त्याची पातळी फुगलेली दिसते आणि आपण त्याला उगाच खाली आणतो. फक्त १ किलोहर्ट्झचा सूर घेतला, तर नेमका तिथे एखाद्या हेडफोनला खळगा असला की हिशोब चुकतो. मधला पट्टा हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग. पुठ्ठा म्हणजे काही कान नव्हे, तेव्हा यातून १ डेसिबलच्या आतबाहेर जुळणी होते असं समजा. शेवटचा हात ओळखीच्या गायकाचा एकटा आवाज लावून कानानंच फिरवायचा. प्रत्येक हेडफोनसाठी नॉबची जागा कागदावर लिहून ठेवली की दर वेळी मोजावं लागत नाही.

माइकची व्यवस्था नसेल तर निदान एवढं करा: हेडफोन बदलला की नॉब शून्यावर आणा, डोळे मिटा आणि गायकाचा आवाज समोर बसून गातोय इतका होईपर्यंत वाढवा. अचूक होणार नाही, पण २० डेसिबलची चूक तरी टळेल.

आता एचडी ८००एस. तुम्ही थक्क झालात याचं मला नवल नाही. त्याचा ५६ मिमीचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारी चकती, कानापासून लांब आणि तिरका बसवलेला असतो, त्यामुळे आवाज कानाच्या पाळीवर आदळून आत जातो आणि डोक्याबाहेर पसरल्यासारखा वाटतो. हा गुण खरा आहे आणि फार कमी हेडफोनांत मिळतो. पण त्याबरोबर वरच्या सुरांचा जोरही आहे. २००९ च्या मूळ एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास एक ठळक उंचवटा होता; तो उतरवण्यासाठी २०१६ च्या ८००एस मध्ये आत एक शोषक बसवला गेला. त्यानं उंचवटा शमला, तरी हेडफोनचा कल उजळच राहिला. आणि उजळपणा दहा मिनिटांत 'बारकावा' म्हणून कानात शिरतो. ओठांचा आवाज, तारेवरची नखं, श्वास, सगळं पुढे येतं आणि वाटतं, हे मी आजवर ऐकलंच नव्हतं. दोन तासांनंतर तोच उजळपणा काहींना टोचतो, काहींना नाही. तुम्ही कोणत्या गटात आहात ते बैठकीत कळणार नाही. एक सोपी चाचणी आहे: नुसतं बोलणं ऐका, गाणं नाही. 'स', 'श', 'च' ही अक्षरं शब्दातून उसळून बाहेर येतात का ते बघा. बोललेला आवाज आपण रोज ऐकतो, त्यामुळे तिथे कान सहजी फसत नाही.

क्रमाचाही वाटा इथे असणार. तुम्ही लिहिलंय की ससव्हारा ८००एसच्या लगेच नंतर ऐकला. उन्हातून खोलीत आल्यावर खोली अंधारी वाटते, तसंच हे. उजळ हेडफोनला कान सरावले की पुढचा कोणताही मंद वाटतो. म्हणून मी दोन हेडफोनांच्या मध्ये पाच मिनिटं शांत बसायला लावतो आणि फेरी दुसऱ्यांदा उलट्या क्रमानं घेतो. दोन्ही फेऱ्यांत तुमचं मत सारखं आलं, तरच ते वहीत पक्क्या शाईनं लिहायचं.

अशा बैठकीला जाताना तुमचा स्वतःचा एचडी ६५० बरोबर न्या, हे मी सगळ्यांत आग्रहानं सांगेन. तो तुमचा मापदंड आहे. तुमच्या कानांना, तुमच्या गाण्यांना तो सरावलेला आहे. प्रत्येक नवा हेडफोन त्याच्याशी ताडायचा, एकमेकांशी नाही. चार अनोळखी हेडफोन एकमेकांशी ताडले की मनात तुलनेचं टोक सुटतं, कारण आवाजाचा बारीक तपशील स्मृतीत काही सेकंदच टिकतो. त्याचसाठी गाण्याचा तुकडा वीस-तीस सेकंदांचाच घ्या आणि तोच पुन्हा पुन्हा लावा. मी तानपुरा हमखास ठेवतो. जवारीतून निघणाऱ्या स्वरांशांचं जाळं इतकं दाट असतं की मध्यापासून वरपर्यंत कुठेही उंचवटा-खळगा असला तर तानपुऱ्याचा रंग लगेच बदलतो. दुसरा तुकडा डग्ग्याच्या घसिटीचा. खालचा सूर सरकताना शेवटपर्यंत एकाच वजनानं येतो, की मध्येच फुगतो किंवा विरतो, ते ऐकायचं. एचडी ६५० खोल बासात हळूहळू उतरतो आणि चांगला प्लेनर, म्हणजे ससव्हारा किंवा एलसीडी-४ सारखा सपाट पातळ पडद्याचा हेडफोन, तिथे सरळ राहतो. हा फरक तुम्हाला तिथे स्पष्ट कळेल. तिसरं, तुमचं स्वतःचं शंभर वेळा ऐकलेलं गाणं. यजमानानं निवडलेली सुंदर मुद्रणं मात्र शेवटी ऐका. त्यांवर सगळेच हेडफोन छान वाजतात.

अँपबद्दल एक उपमुद्दा, कारण पुढच्या वेळी कोणी ट्यूबचा (जुन्या पद्धतीच्या काचेच्या व्हॉल्व्हचा) अँप आणला तर उपयोगी पडेल. एचडी ६५० चा इंपिडन्स ३०० ओहम म्हणतात, पण बासमध्ये तो ५०० च्या आसपास चढतो. अँपचा स्वतःचा, म्हणजे आउटपुट इंपिडन्स १०० ओहम असला तर त्या भागात साधारण १ डेसिबलचा फुगवटा येतो. ऐकणारा म्हणतो, ट्यूबमुळे उबदार झाला. प्लेनरचा इंपिडन्स जवळपास सरळ रेषेत असतो, म्हणून तो त्याच अँपवर बदलत नाही. तेव्हा 'हा अँप उबदार आहे' हे वाक्य हेडफोनचं नाव घेतल्याशिवाय अपुरं आहे. स्टॅक्ससारखे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन तर वेगळ्याच जातीचे: त्यांना ५८० व्होल्टचा बायस, म्हणजे पडद्यावर कायम राहणारा दाब, देणारा स्वतःचा अँप लागतो, त्यामुळे ते एकाच अँपवर बाकीच्यांशी ताडताच येत नाहीत. तिथे पूर्ण जोडीची तुलना होते एवढं मान्य करून ऐकायचं.

बसवण्याकडेही लक्ष द्या. चष्म्याच्या दांडीमुळे पॅड कडेनं उचलला गेला की बंद हेडफोनचा आणि काही प्लेनरचा खालचा बास गळतो. पॅड काही मिलिमीटर पुढे-मागे सरकला तरी वरचे सूर बदलतात, म्हणून प्रत्येक हेडफोन एकदा मुद्दाम सरकवून बघा आणि कोणत्या जागी तो सगळ्यांत नैसर्गिक वाटतो ते शोधा. आणि वजन. एलसीडी-४ सातशे ग्रॅमच्या आसपास, तुमचा ६५० त्याच्या निम्म्याहून हलका. दहा मिनिटांत मान अवघडली असेल तर ती नोंद आवाजाच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे. मी म्हटलं ना, नाकारायला बैठक उत्तम. हा तुमचा एक नकार मला पटतो.

'डोळे बांधून ऐकलं तर?' असं बरेच जण विचारतात. हेडफोनांत ते नीट जमत नाही, कारण डोक्याला वजन कळतं, गालाला पॅडचं कापड कळतं. शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्मन या ऑडिओ कंपनीत यावर युक्ती काढली: एकाच हेडफोनवर इक्यूनं (इक्वलायझरनं, म्हणजे निवडक सूर कमी-जास्त करून) बाकीच्यांचा आवाज उभा करायचा आणि ऐकणाऱ्याला नाव सांगायचं नाही. त्यातून बहुसंख्य लोकांची पसंती फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सच्या, म्हणजे कोणता सूर किती जोरात वाजतो त्या आलेखाच्या, एका ठरावीक वळणाच्या जवळ येते असं दिसलं. दुसरीकडे येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मापं किमतींशी ताडली आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स व किंमत यांत संबंध सापडला नाही. याचा अर्थ महाग हेडफोन टाकाऊ, असा मी काढत नाही. ८००एसचा पसारा मला इक्यूनं कधीच ६५० मधून काढता आला नाही. पण सुरांचा तोल हा त्यातला स्वस्तात बदलता येणारा भाग आहे, आणि बैठकीत सगळ्यांत आधी तोच कानात भरतो.

म्हणून घरी एक प्रयोग करा. तुमच्या ६५० वर इक्यूनं ६ किलोहर्ट्झच्या आसपास २-३ डेसिबल वाढवा, ६० हर्ट्झखाली ४-५ डेसिबल वाढवा, एकूण पातळी तेवढीच खाली घ्या म्हणजे आवाज फाटणार नाही, आणि चार दिवस ऐका. 'बैठकीत आवडलं ते हेच' असं वाटलं, तर तुम्हाला नव्या हेडफोनची गरजच नाही. काही तरी अजून कमी आहे असं वाटत राहिलं, तर ते काय आहे ते शब्दांत लिहा. तो शब्द 'पसारा' असेल तर ८००एस मागवून आठवडाभर घरी ठेवा. 'जोर', 'थापेची धार' असा असेल तर युटोपिया. प्रत्येकाच्या पाळीचा आणि कानाच्या नळीचा आकार वेगळा असतो, वयानुसार वरचे सूर कमी होत जातात, त्यामुळे ही निवड मी तुमच्या वतीनं करू शकत नाही. शेजारच्या माणसाचं मत तुमच्याशी जुळलं नाही, तर दोघांचंही बरोबर असू शकतं. त्यासाठीच मी बैठकीत सगळ्यांना आधी लिहायला लावतो, बोलायचं नंतर. पहिला माणूस 'वा, काय बास!' म्हणाला की पुढच्या पाचांना बासच ऐकू येतो.

आणि पातळीची काळजी घ्या. तीन-चार तास हेडफोन बदलत बसलं की नकळत नॉब वर सरकत जातो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश संस्थेनं घातलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९४ ला १ तास, १०० ला पंधरा मिनिटं. थकलेल्या कानांना सगळंच मंद वाटतं, मग आणखी वाढवावंसं वाटतं. मी तासाभरानंतर सगळ्यांना हेडफोन उतरवायला लावतो.

ससव्हारासाठी मात्र ताकदवान अँप असलेला कोणी भेटेपर्यंत मत राखून ठेवा. तोवर एक साधी गोष्ट करा: तुमच्या ६५० चे पॅड किती जुने आहेत ते बघा. दाबून सपाट झाले असतील तर ड्रायव्हर कानाच्या जवळ आलेला असतो आणि तुम्ही गेले कित्येक महिने वेगळाच ६५० ऐकत असाल. नवे पॅड लावून, नव्यानं सरावायला आठवडा देऊन, मग वरचा इक्यूचा प्रयोग करा. आणि अँपचं नाव व त्याचे ३२ आणि ३०० ओहमचे ताकदीचे आकडे इथे लिहा, म्हणजे ससव्हाराचा हिशोब आपण नीट मांडू.